बॅकस्टेज: तीन टीम, एकच कोड

इंदूरला सुपर कॉरिडॉरवरच्या आमच्या ऑफिसात ओटीपी पाठवायचा कोड तीन टीमनी तीन वेळा लिहिला होता. कोणाकडे काय तयार आहे, याचा पत्ताच नसायचा. बॅकस्टेज आल्यापासून ते थांबलं. स्पॉटिफायनं २०२० मध्ये ओपन सोर्स केलेलं हे पोर्टल रिपॉझिटरीतल्या, म्हणजे कोड ठेवायच्या जागेतल्या, छोट्या यॅमल फाइली (माहिती नोंदवायच्या साध्या टेक्स्ट फाइली) वाचून सगळ्या सर्व्हिसेस आणि लायब्रऱ्यांचा (पुन्हा वापरायच्या तयार कोडचा) कॅटलॉग उभा करतं. प्रत्येकीचा ओनर कोण आणि ती प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरात) आहे की डेप्रिकेटेड (आता वापरू नये अशी), हे त्यात लिहावंच लागतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच! ज्या कोडला धनी नाही त्याला हात लावायला कुणी धजत नाही, मग तो पुन्हा वापरणार कोण? परवा नव्यानं जॉइन झालेल्या मुलीनं कॅटलॉगमध्ये ‘रिफंड’ टाइप केलं, ओनर टीमला मेसेज केला आणि दुपारपर्यंत लायब्ररी जोडलीसुद्धा. नवी सर्व्हिस सुरू करायचे तयार साचे, म्हणजे टेम्प्लेट्सही छान आहेत.

मात्र इन्स्टॉल केलं की झालं, असं हे साधन नव्हे. टाइपस्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि रिअॅक्ट ही वेबपेजं बनवायची लायब्ररी येणारा माणूस त्यासाठी राखून ठेवावा लागतो. दोनच टीम असतील तर नीट सांभाळलेली एक्सेल शीट पुरते. पसारा त्याहून मोठा असेल तर जरूर घ्या, आणि कुणी टीम बदलली की ओनरचं नाव त्याच दिवशी बदलून घ्या.