रॉयल ग्रामा मागितला, हातात दिला भलताच मासा

छोटा रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावणाऱ्याला गंडवणं सोपं जातं. त्याला मोजकेच मासे हवे असतात, सगळे रंगीत हवे असतात आणि चित्रात पाहिलेली नावं पाठ असतात. माझा टँक दोन फुटी, पाणी जेमतेम ७० लिटर. सायकल पूर्ण झालेलं, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढलेले, त्यामुळे अमोनिया आणि नायट्राइट ही विषं शून्यावर. लाइव्ह रॉकवर, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या खडकावर, थोडे मऊ कोरल आणि सेक्सी श्रिंप म्हणून मिळतात त्या नखाएवढ्या नाचऱ्या कोळंब्या. ही सगळी माहिती मी विक्रेत्याला लिहून पाठवली होती. कोळंब्यांना त्रास देणारा मासा नको, हेही स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर त्याने ‘खास लहान रीफसाठी’ म्हणून संच सुचवला: क्लाउनफिशची ‘जुळलेली’ जोडी, एक रॉयल ग्रामा, एक मँडरिन आणि वरून सवलतीत छोटासा ब्लू टँग. विक्रेत्याचं नाव देत नाही. युक्त्या कळल्या म्हणजे पुरे.

टँगला मी तिथेच नकार दिला. तीन-चार सेंटिमीटरचं निळं पिल्लू दाखवून ‘टँकच्या मापानेच वाढतो हा’ असं तो छातीठोकपणे सांगत होता. हा मासा ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे माझ्या टँकच्या निम्मा. लहान टँकमध्ये तो मापात वाढत नाही, खुरटतो आणि आजारी पडतो.

बाकीचे मासे पिशव्यांतून आले. ग्रामा म्हणून आलेला मासा पुढून जांभळा, मागून पिवळा, म्हणजे लांबून पाहिलं तर ग्रामाच. काचेला नाक लावून पाहिल्यावर गोम कळली. जांभळा रंग अंगाच्या मध्यावर पट्टीने आखल्यासारखा संपत होता आणि लगेच पिवळा सुरू. खऱ्या ग्रामाचा जांभळा असा तुटत नाही, तो ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळत जातो. त्याच्या डोळ्यातून एक गडद तिरकी रेघ जाते आणि पाठीवरच्या पराला पुढच्या बाजूला काळा डाग असतो. आमच्या पाहुण्याला रेघही नव्हती, डागही नव्हता आणि पर जवळजवळ पारदर्शक होते. हा रॉयल डॉटीबॅक. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, हा पश्चिम पॅसिफिकमधला. रंग सोडला तर दोघांत फारसं काही सारखं नाही, स्वभाव तर मुळीच नाही.

पोहण्यावरूनही ओळख पटते. ग्रामा पोट कायम खडकाच्या बाजूला ठेवतो, त्यामुळे कपारीच्या छताखाली तो चक्क उलटा दिसतो. नवखे लोक मासा मरायला टेकला म्हणून घाबरतात, पण ती त्याची नेहमीची तऱ्हा. हा पठ्ठ्या मात्र टँकभर गस्त घालायचा आणि क्लाउनफिशवर धावून जायचा. ग्रामासुद्धा बिळापाशी कुणी आलं की तोंड वासून दम देतो, पण प्रकरण तिथेच मिटतं. डॉटीबॅकला अख्खा टँक आपल्या बापाचा वाटतो. कोळंब्या एकेक करून नाहीशा झाल्या. एकीची शेपटी तेवढी वाळूवर सापडली.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘धंद्यात दोघांनाही रॉयलच म्हणतात.’ डॉटीबॅक सहसा स्वस्त पडतो आणि बिलावर फक्त ‘रॉयल’ एवढंच लिहिलेलं होतं, हा योगायोग म्हणायचा! बिलावर शास्त्रीय नाव लिहून मागा. ग्रामा लोरेटो म्हणजे ग्रामा, पिक्टिक्रोमिस पाकाग्नेला म्हणजे डॉटीबॅक. नाव लिहायला कां-कूं करणाऱ्याकडून मासा घेऊ नका.

मँडरिनच्या बाबतीत लबाडी जास्त सफाईने केली होती. हा मासा जवळजवळ पूर्णपणे कोपेपॉडवर, म्हणजे खडकावरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या जिवांवर जगतो. दिवसभर एकेक टिपत असतो. नव्या आणि छोट्या टँकमधला हा साठा तो पाहता पाहता संपवतो आणि मग रंग तसाच झळकत असताना उपाशी मरतो. हे ठाऊक होतं म्हणूनच मी फ्रोझन, म्हणजे गोठवलेलं खाद्य खाणारा मासा मागितला होता. त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात मँडरिन खरोखरच फ्रोझन ब्राइन श्रिंप टिपत होता, मान्य. पण व्हिडिओतल्या माशाच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा झेंड्याच्या काठीसारखा उंच होता, म्हणजे तो नर. पिशवीतून आलेल्या माशाचा काटा आखूड, म्हणजे मादी. खाणारा मासा एक आणि विकलेला दुसरा. तो एकच व्हिडिओ किती जणांना गेला असेल कोण जाणे.

आलेल्या मादीचं पोट खपाटीला गेलेलं होतं. वरून पाहिलं की डोक्यामागे अंग एकदम निमुळतं दिसायचं. ब्राइन श्रिंप तोंडासमोरून वाहत जायचे आणि ती ढुंकूनही पाहायची नाही. विक्रेत्याचं म्हणणं, ‘दिवसभर टिपतेय ना, मग खातेय.’ टिपणं आणि पोट भरणं यांत फरक आहे. खडक कोरा असला तरी मँडरिन टिपतच राहतो. वेगळ्या डब्यात वाढवलेले कोपेपॉड रोज घालूनही ती वाचली नाही. या माशाची टँकमध्ये पैदास केलेली पिल्लं हल्ली मिळतात आणि ती तयार खाद्य घेतात. लहान टँकमध्ये मँडरिन हवाच असेल तर तसलाच शोधा, आणि पैसे देण्याआधी तोच मासा तुमच्यासमोर खाताना पाहा. मागणी ऑनलाइन असेल तर व्हिडिओत माशाशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद धरायला सांगा.

क्लाउनफिशची जोडी धडधाकट निघाली, लूट फक्त पैशांची. क्लाउनफिश लहानपणी मादी नसतातच. दोघांतला जो वरचढ ठरतो तो पुढे मादी होतो. एक थोडा मोठा आणि एक छोटा अशी कुठलीही दोन पिल्लं एकत्र सोडली तर ती बहुधा आपापली जुळतात. माझी दोन्ही एकाच मापाची पिल्लं होती, पण ‘जुळलेली’ या शब्दाचे पैसे वेगळे लावले होते. जोडी खरंच जुळलेली असेल तर मादी ठळकपणे मोठी दिसते.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सहसा तपासत नाही. ‘आमचं पाणी तुमच्यासारखंच, सरळ सोडा’ असं तो म्हणाला होता. पिशवीतलं पाणी खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०१८ निघालं, माझ्या टँकचं १.०२५, म्हणजे जास्त खारट. कमी क्षारात मासे ठेवले की मिठाचा खर्च वाचतो आणि मासे वरवर तरतरीत दिसतात. पण कमी क्षारातून जास्त क्षारात एकदम टाकलेला मासा कोलमडतो. उलट दिशेने जाणं त्यांना बरंच सोपं असतं. मी वेगळ्या टबात थेंबथेंब पाणी देत चढवत नेलं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच ओतू नका. परजीवींसाठी विक्रेते पाण्यात तांब्याचं औषध ठेवतात, आणि तेवढं तांबं कोळंबी-गोगलगायींचा जीव घ्यायला पुरतं.

डॉटीबॅक पकडायला अर्धा खडक उपसावा लागला. तो आता मोठा टँक असलेल्या एका ओळखीच्याकडे, स्वतःएवढ्याच तापट माशांत आहे. पैशांसाठी भांडलो तेव्हा ग्रामाचा दावा ‘रॉयल’ या एका शब्दावर बुडाला. मँडरिनचे पैसे मात्र मिळाले. व्हिडिओतला नर आणि पिशवीतली मादी यांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवल्यावर त्याच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.