डेमो खरा, डबा खोटा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, त्या दुपारी आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या खराट्याच्या काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. नारळ मुळासकट आडवे. सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेला फणस गोठ्यावर कोसळला, गुरं मोकळी होती म्हणून वाचली. लाइट गेली ती गेलीच, मोबाइलला रेंज नाही. कुऱ्हाड-कोयत्यानं किती उरकणार? कटरवाल्याकडे नंबर लावला तर तीन आठवडे थांबा म्हणाला, आणि झाडामागे सांगेल तो भाव. कटर म्हणजे पेट्रोलवरची चेन सॉ. आमच्याकडे सगळे कटरच म्हणतात.

जून संपताना गावात पांढरा टेम्पो आला. ताडपत्र्या, पत्रे, नायलॉनच्या दोऱ्या, आणि मागे कटरचे आठ-दहा डबे. डब्यावर एका नामांकित जर्मन कंपनीचं नाव. माणूस अगदी मऊ बोलणारा. आमच्याच अंगणात पडलेल्या माडावर त्यानं मशीन लावलं. माडाचं खोड बाहेरून किती चिवट असतं ते कोयता मारणाऱ्याला विचारा. हे मशीन लोण्यातून गेल्यासारखं गेलं, आणि भुसा पिठासारखा नाही, जाड छिलके उडत होते. मग त्यानं आम्हाला ब्रेक दाखवला. मशीन जमिनीवर टेकवून पूर्ण रेस दिली आणि पुढच्या हँडलसमोरचं गार्ड मनगटानं पुढे ढकललं. खट्. चेन जागच्या जागी थांबली.

"बघा ताई, हात घसरला तरी बोट जाणार नाही."

त्या 'खट्'वर मी विकले गेले, हे आज कबूल करते.

किंमत म्हणे बेचाळीस हजार, वादळग्रस्तांसाठी एकोणीस. माझे दीर घासाघीस करून साडेअठरावर आले. मी म्हटलं, हेच मशीन द्या, चाललेलं डोळ्यांनी बघितलंय. तर हसला. "हा डेमोपीस ताई, रोज दहा ठिकाणी चालतो. वापरलेला माल तुम्हाला देऊ? सीलबंद घ्या." कोण नाही म्हणेल? बिल मागितलं तर जीएसटीचे अठरा टक्के वर पडतील म्हणाला. रेंज नव्हती, म्हणजे ऑनलाइन पैसे नाहीत, सगळी रोकड. डब्यावरचा नंबर कंपनीकडे पडताळायची सोय नाही. आता वाटतं, आमच्याकडे रेंज नाही हे आमच्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं. वर एक लिटरची बाटली फुकट: "हेच ऑइल पेट्रोलमध्ये, हेच चेनला."

सुपाऱ्या कापेपर्यंत काही कळलं नाही. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून होती. रेसवरचं बोट काढलं तरी चेन हळूहळू फिरत राहायची. नवं मशीन आहे, बसेल हळूहळू, असं आम्हीच ठरवून टाकलं. दीर म्हणायचे, "वहिनी, याला दम नाही, नुसता आवाज आहे." मी म्हणायचे, चालवता येत नाही म्हणून मशीनला नावं ठेवू नका.

जुलैच्या मध्यावर फणसाला हात घातला. गोठ्याची कौलं आणि फांद्या यांचा नुसता गुंता झाला होता. दिरांनी डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट घातलं होतं, काच खाली ओढून. आम्हाला सुरक्षेची अक्कल होती असं नाही, डोळ्यांत भुसा जायचा म्हणून. जाड फांदी कापताना पट्टीचं, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पात्याचं, टोक मागच्या न दिसणाऱ्या फांदीला लागलं. टोकाच्या वरच्या भागाला काही अडकलं की मशीन चालवणाऱ्याच्या अंगावर उलटं उसळतं. डोळा मिटायच्या आत होतं हे. अशा झटक्यात ब्रेक आपोआप लागायला हवा. मशीन उसळलं, गार्ड मनगटावर आपटून पुढे गेलं, खट् असा आवाजही झाला, आणि चेन तशीच फिरत हेल्मेटवर घासली. समोर, बरोबर कपाळाच्या जागी, बोटभर लांब चर. आतला थर्माकोल दिसत होता. दीर खाली बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. ते हेल्मेट मी अजून टाकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन माणगावला एका मेकॅनिककडे नेलं. त्यानं बाजूचं कव्हर उघडून आम्हालाच आत बघायला लावलं. चेनबरोबर फिरणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवती पोलादी पट्टा असतो, गार्ड ढकललं की स्प्रिंगच्या जोरावर तो ड्रमला आवळतो, हा झाला ब्रेक. आमच्यात पट्टा होता, स्प्रिंगच नव्हती. खट् वाजायला तेवढं गार्ड ठेवलेलं. सायलेन्सर काढून त्यानं आत टॉर्च मारला, तर पिस्टनवर उभे ओरखडे. फुकटच्या बाटलीतलं ऑइल टूटी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल, नव्हतंच, गाडीचं जुनं काळं ऑइल होतं. स्टिकरवर ६२ सीसी. त्यानं बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, मापला ४५ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३४, आणि फोनवर गुणाकार करून दाखवला: ५४ सीसी. म्हणाला, "साध्या लेबलवर हे सहा-सात हजारांना मिळतं. आणि तिथंसुद्धा ब्रेकला स्प्रिंग असते हो." कंपनीचं नाव नखानं खरवडलं तर निघून आलं. नंबरही धडावर कोरलेला नाही, कागदी स्टिकरवर.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डेमोपीस खरा होता. तो कुणालाच विकायचा नव्हता.

म्हणून कुणी कटर घेणार असेल तर मी एकच हट्ट धरायला सांगते: सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायचा आणि घरी न्यायचं तेच मशीन तिथं सुरू करायचं. रेसवरचं बोट काढल्यावर चेन पूर्ण थांबली पाहिजे. मागच्या हँडलवरचा खटका दाबल्याशिवाय रेस ओढलीच जाऊ नये. मग जमिनीवर धरून रेस द्या आणि गार्ड ढकला. नुसता आवाज ऐकू नका, चेनकडे बघा. दुकानदार कां कू करू लागला तर उठा. बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या आणि तो धडावरच्या नंबराशी जुळवा. अठरा टक्के वाचवायला गेलो ते साडेअठरा हजारांना पडले.

ऑइलचंही तसंच. आता आमच्याकडे बिलाचं, लहान पट्टीचं मशीन आहे. त्याच्या पुस्तकात ५०:१ लिहिलंय, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली चांगलं टूटी, आणि मिश्रण लागेल तेवढंच करायचं. चेनचं ऑइल वेगळं, टाकीही वेगळी. पेट्रोल भरलं की तीही भरायची. ऑइल येतंय का हे बघायला पट्टीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्यायची, पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटते. कानस मारायची वेळ भुसा सांगतो: छिलके पडायचे थांबून पीठ पडायला लागलं की दात बोथट झाले. आणि पट्टीचं टोक कशाला लागतंय हे दिसत नसेल तर आधी बारक्या फांद्या कोयत्यानं साफ करायच्या. हे शेवटचं दिरांचं वाक्य आहे, ते पदरच्या अनुभवानं बोलतात.

पोलिसांकडेही गेलो होतो. टेम्पोचा नंबर विचारला, नाही. बिल, नाही. पैसे दिल्याचा पुरावा, नाही. साहेबांनी अर्ज घेतला, चहा पाजला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आता घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, पण तक्रार करायला समोरच्याचं नाव तरी हवं. शेजारच्या वाडीतही त्याच टेम्पोतले दोन डबे गेले होते. त्यांना सांगायला मी उशिरा गेले, बिल न घेता विकत घेतल्याची लाज वाटली नसती तर आधी गेले असते.

मागच्या वर्षी एक जण ते मशीन मागायला आला. "आहे तसं द्या, तीन हजार देतो." क्षणभर मोह झाला, खोटं नाही बोलत. मग दिरांना हाक मारली. त्यांनी अंगणात दगडावर ठेवून घणाचे चार घाव घातले, गार्डवर एक जास्तीचा. भंगारात सात किलो भरलं.