बोटीचे इंजिन हिवाळ्यात बंद ठेवण्याचा तयार संच : सौम्य हवामानात कितपत उपयोगाचा?

हिवाळ्याचे काही महिने बोट पाण्यात उतरवायची नसेल, तर इंजिन बंद ठेवण्यापूर्वीच्या कामांचे साहित्य एकाच खोक्यात देणारे संच बाजारात मिळतात. मी वापरलेल्या संचात पेट्रोलमध्ये मिसळायचे स्टॅबिलायझर, सिलिंडरमध्ये फवारायचे फॉगिंग ऑइल, गिअर ऑइल व ते भरण्याचा हातपंप, इंजिनाला नळाचे पाणी देण्यासाठी लागणारे रबरी कप आणि गुलाबी रंगाचे अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) होते. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण थोड्याफार फरकाने असेच संच अनेक कंपन्या विकतात आणि माझे म्हणणे त्या सर्वांना सारखेच लागू पडते. हे संच कडक हिवाळा डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. जिथे पारा क्वचितच शून्याखाली उतरतो, तिथे इंजिनाचे नुकसान बर्फापेक्षा दमट हवा, मीठ आणि शिळे इंधन यांमुळे अधिक होते, आणि याच दृष्टीने संचातील प्रत्येक वस्तूची किंमत ठरवायला हवी.

कडक थंडीत धोका उघड असतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, अडकलेले पाणी ओतीव लोखंडालाही तडा देते. सौम्य हवामानात असे एका रात्रीत काही घडत नाही; तिथली हानी सावकाश होते. दिवसा हवा उबदार, रात्री गार, असे हेलकावे रोज चालू असतात. पहाटे थंड पडलेल्या धातूला दमट हवा लागली की त्यावर दव धरते, आणि बंद इंजिनात कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहत असल्यामुळे ही हवा थेट सिलिंडरच्या भिंतींपर्यंत पोहोचते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग लक्षणीय वाढतो. त्यातच मिठाचा थर असेल, तर मीठ स्वतःच ओलावा खेचून घेते आणि त्याहून कोरड्या हवेतही गंज चढत राहतो.

म्हणूनच या संचातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे फॉगिंग ऑइलचा डबा. साधे इंजिन ऑइल काही आठवड्यांत सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली जाते, तर हे तेल चिकट असल्याने भिंतींवर, पिस्टनच्या रिंगांवर आणि व्हॉल्व्हवर टिकून राहते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात ते इंजिन चालू असताना हवेच्या मार्गातून फवारतात; दाट धूर येऊ लागला की इंजिन बंद करायचे. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात मात्र उत्पादकाची पुस्तिका वेगळे सांगत नसेल, तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे फवारावे, इग्निशन तोडून इंजिन दोन-तीन फेरे फिरवावे आणि प्लग परत बसवावेत. संचातल्या डब्याला लांब नळी दिलेली आहे. ती प्लगच्या छिद्रातून व्यवस्थित आत जाते आणि फवारा एका बाजूला न साचता सगळीकडे पसरतो, याचे मला विशेष कौतुक वाटले. डिझेल इंजिनाच्या मालकांनी हा डबा बाजूला ठेवावा. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गात तेल गेले, तर तेच इंधन म्हणून जळते आणि इंजिन बेफाम वेग घेऊ शकते. सोबतच्या माहितीपत्रकात याची ठळक सूचना नाही, हा मला गंभीर दोष वाटतो.

स्टॅबिलायझर हीदेखील कामाची वस्तू आहे, फक्त त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची हे समजून घ्यायला हवे. पेट्रोल काही महिने पडून राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून तयार होणारा चिकट राप कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये आणि इंजेक्टरमध्ये बसतो. स्टॅबिलायझर ही क्रिया मंदावते. परंतु इथेनॉलमिश्रित पेट्रोलने एकदा का पुरेसे पाणी शोषले, की इथेनॉल आणि पाणी यांचा वेगळा थर होऊन तो टाकीच्या तळाशी बसतो, आणि नेमकी तिथूनच इंधनाची नळी पेट्रोल उचलते. वेगळा झालेला हा थर कोणतेही रसायन पुन्हा एकजीव करू शकत नाही. तो उपसून टाकणे हाच उपाय. बाटलीवर मात्र जुने पेट्रोल ‘पूर्ववत’ होत असल्याचा दावा छापलेला आहे, आणि तो दिशाभूल करणारा आहे. औषध ताज्या पेट्रोलमध्ये घालावे, प्रसरणाला थोडी जागा सोडून टाकी जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे दव धरायला आत मोकळी हवाच फारशी उरत नाही. त्यानंतर इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे. हे चालवणे टाळले, तर औषध टाकीतच राहते आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनेच पेट्रोल सुकत बसते.

इंजिन चालवायचे म्हणजे त्याला पाणी द्यावे लागणार, आणि इथे संचातल्या रबरी कपांनी माझी निराशा केली. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या, खालच्या भागात पाणी आत घेण्याच्या जाळ्या असतात. त्यांवर हे कप दोन्ही बाजूंनी घट्ट बसायला हवेत. या कपांची तार इतकी सैल आहे की इंजिनाच्या थरथरीने ते हळूहळू घसरतात. पाण्यावाचून फिरणारा पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) पाहता पाहता खराब होतो, त्यामुळे कप निसटणे ही किरकोळ बाब नव्हे. जाड तारेचे कप वेगळे घ्यावेत, आणि ते लावले तरी इंजिनाजवळून हलू नये. तसेच प्रॉपेलर काढून ठेवणे केव्हाही चांगले. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप) उघडेपर्यंत इंजिन तापले पाहिजे, कारण तो उघडल्याशिवाय गोडे पाणी आतल्या सर्व वाटांमधून फिरत नाही आणि ब्लॉकभोवतीचे मीठ जागच्या जागी राहते. सौम्य हवामानात, विशेषतः समुद्रात चालणाऱ्या बोटीसाठी, संपूर्ण तयारीतले हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि त्याच कामाचे साधन संचात सर्वांत हलक्या प्रतीचे दिलेले आहे.

गिअर ऑइल चांगल्या दर्जाचे आहे आणि हातपंप तर उत्तमच. गिअरपेटीच्या खालच्या छिद्रातून तेल भरत जायचे, वरच्या छिद्रातून ते बुडबुड्यांशिवाय बाहेर आले की आधी वरचा स्क्रू बसवायचा आणि मग खालचा. जुने तेल दुधाळ निघाले, तर सीलमधून पाणी शिरते आहे असे समजून ते हंगाम सुरू होण्याआधीच दुरुस्त करून घ्यावे. स्क्रूचे नवे वॉशर संचात दिलेले नाहीत. ते स्वतंत्रपणे आणावे लागतात.

आता अँटिफ्रीझ. खोक्यातली सर्वाधिक जागा त्यानेच व्यापली आहे. हे प्रॉपिलीन ग्लायकॉल आहे, म्हणजे विषारी इथिलीन ग्लायकॉलच्या तुलनेत बरेच सुरक्षित. त्यावर उणे ४६ अंश सेल्सिअस असा आकडा ठसठशीत छापलेला आहे, पण पाइप फुटू नयेत यासाठीची ती मर्यादा आहे. द्रव अर्धवट गोठून घट्ट होणे त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. इंजिनात आधीचे पाणी उरले असेल, तर मिश्रण पातळ होऊन ही मर्यादाही खूप वर सरकते. आउटबोर्ड उभे ठेवले की त्यातले पाणी आपोआप गळून जाते, त्यामुळे सौम्य हवामानात आउटबोर्डच्या मालकाला या बाटल्यांची गरज पडत नाही. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेले इंजिन) किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, प्रॉपेलरचा भाग मागे बाहेर) यांची गोष्ट निराळी. ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या भागात) पाणी साचून राहते, आणि हवामान सौम्य आहे या भरवशावर ते तसेच सोडले, तर कडाक्याच्या एखाद्याच रात्रीत ब्लॉक फुटू शकतो. ड्रेन प्लग उघडावेत, पाणी आले नाही तर छिद्रात तार घालून वाळू व गंज मोकळा करावा. एवढे नीट झाले, तर ब्लॉक कोरडा ठेवूनही भागते. अँटिफ्रीझ ओतायचेच असेल, तर ते या कामानंतर.

संचात नसलेल्या वस्तूंची मला अधिक काळजी वाटते. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर यांचा माहितीपत्रकात उल्लेखही नाही. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओलावा असतो, आणि ते महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहते. तेल बदलायचे ते साठवणुकीच्या आधी, इंजिन कोमट असताना. हंगामाच्या सुरुवातीला नव्हे. इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे अ‍ॅनोड अर्ध्यावर आले असतील, तर तेही याच वेळी बदलावेत: खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडवून ठेवावी आणि व्होल्टेज १२.४ च्या खाली जाऊ देऊ नये, अन्यथा प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते.

माहितीपत्रकातला एक सल्ला तर मी कोणालाही पाळू देणार नाही. ‘सौम्य हवामानात दर आठवड्याला इंजिन पाच मिनिटे चालवावे’ असे त्यात म्हटले आहे. पाच मिनिटांत तेल पुरते तापत नाही. ज्वलनातून निघणारी वाफ आतच द्रवरूप होऊन तेलात मिसळते, शिवाय भिंतींवरचा फॉगिंगचा थर पहिल्याच फेरीत जळून जातो. हिवाळ्यात मधूनमधून बोट वापरायची असेल, तर ती पाण्यात उतरवून भारासह चांगली अर्धा-पाऊण तास चालवावी. तसे जमणार नसेल, तर एकदा नीट बंद केलेले इंजिन बंदच राहू द्यावे.

कामांचा क्रमही पत्रकात उलटसुलट छापला आहे. आधी स्टॅबिलायझर, मग नळाचे पाणी लावून इंजिन तापवणे, त्याच उष्णतेत इंजिन ऑइल व गिअर ऑइल बदलणे आणि सर्वांत शेवटी फॉगिंग, असे केले तर एकाच चालवण्यात सगळी कामे उरकतात. आउटबोर्डचा मालक असाल, तर या खोक्याऐवजी फॉगिंग ऑइल, स्टॅबिलायझर आणि गिअर ऑइलचा पंप सुटे घ्यावेत आणि अँटिफ्रीझचे वाचलेले पैसे दणकट कप, नवे अ‍ॅनोड व इंजिन ऑइलवर खर्च करावेत. पेट्रोलवर चालणाऱ्या इनबोर्डच्या मालकाला मात्र कप वगळता संच जसाच्या तसा घेता येईल. नव्या हंगामात पहिल्यांदा चालू करताना इंजिन काही मिनिटे निळसर पांढरा धूर सोडते; तो फॉगिंग तेलाचा असतो. धूर थांबला की तेलकट झालेले जुने स्पार्क प्लग काढून नवे बसवावेत.