आयसीएमआरची एसटीएस: मराठवाड्यातल्या एमबीबीएसच्या मुलांना किती कामाची?

एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठी दोन महिन्यांचं संशोधन, तेही आपल्याच कॉलेजात, आपल्याच सर-मॅडमच्या हाताखाली. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप (एसटीएस) १९७९ पासून चालू आहे. अंबाजोगाई, नांदेड, लातूरच्या मुलांना संशोधनात शिरायला यापेक्षा सोपं दार नाही. पुण्या-बंगळुरूला खोली शोधावी लागत नाही, आणि 'पोरीला दोन महिने एकटीला कुठं धाडायचं' हा घरचा वादही टळतो. पाचपैकी साडेतीन गुण.

कापलेल्या दीड गुणातला निम्मा पैशासाठी. स्टायपेंड २०२२ ला २०,००० वरून ५०,००० रुपये झाला, हे चांगलंच झालं. पण तो हातात पडतो अहवाल मंजूर झाल्यावर. किट, झेरॉक्स, गावोगावचं बसभाडं, सगळं तोवर खिशातून. संशोधनाच्या खर्चाला वेगळा पैसा नाही. उसाचं बिल निघाल्यावर ज्यांच्या घरी फी भरली जाते, त्यांनी विषय ठरवतानाच हे बघावं. विभागात आधीपासून होणारी तपासणी धरून विषय घेतला की खर्च झेरॉक्सपुरताच उरतो.

प्रपोजलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या प्रस्तावात, विद्यार्थ्याचं, गाईडचं वा कॉलेजचं नाव कुठंही येऊ द्यायचं नाही, नाहीतर अर्ज थेट बाद. पहिल्या पानावर सगळे सांभाळतात आणि पद्धतीच्या परिच्छेदात 'घाटीच्या ओपीडीत येणारे रुग्ण' लिहून मोकळे होतात. घाटी म्हटलं की छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॉलेज, हे कळलंच. 'मराठवाड्यातलं टर्शरी केअर हॉस्पिटल' एवढंच लिहा. संमतीपत्राचं लेटरहेड आणि फाईलचं नावही तपासा.

प्रपोजल सर्वांत जास्त फसतं ते सॅम्पल साइजमध्ये, म्हणजे किती जणांना तपासायचं या आकड्यात. समजा, महिलांमधला ॲनिमिया हा विषय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना तो आहे. ४पीक्यू भागिले एलवर्ग या सूत्रात पी म्हणजे आजार असलेल्यांची टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, आणि एल म्हणजे चालणारी चूक. पी ५४, क्यू ४६ आणि एल १० धरला तर ९९.३६, म्हणजे १००. एल ५ धरला तर तोच आकडा ३९८ होतो. आठ आठवड्यांत ३९८ जणींचं रक्त गोळा करून अहवाल लिहिणं होत नाही. शेवटी आकडे घाईत भरले जातात आणि परीक्षकाला ते दिसतं. १०० घ्या, दहा टक्के गळती धरून १११ करा. शेवटचे दोन आठवडे विश्लेषणाला राखले, तर उरलेल्या सहांत आठवड्याला चार दिवस, दिवसाला पाच जणी, एवढं झेपतं.

बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांवर काम करायचं असेल तर हंगाम आधी बघा. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. केज, धारूर, वडवणीत त्या घरी सापडतात त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजल्यापासून प्रश्न विचारणाऱ्यांकडे तिथं जरा संशयानंच पाहिलं जातं, त्यामुळे आशाताईंना सोबत घ्या आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाला शक्यतो लांब ठेवा. तो समोर असेल तर बाई खरं बोलत नाही. उन्हात नमुने नेताना ईडीटीए ट्यूब (रक्ताची गुठळी होऊ न देणारी नळी) बर्फाच्या पॅकला थेट टेकू देऊ नका. रक्ताचा बर्फ होऊन पेशी फुटतात.

दुसरी अडचण एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी कॉलेजची समिती. मंजुरीशिवाय काम सुरू करता येत नाही, आणि कमिटीची बैठक काही दर आठवड्याला होत नाही. म्हणून निवडीची वाट न बघता प्रपोजलसोबतच कमिटीकडे कागद द्या. धोका किमान (मिनिमल रिस्क) असेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एक्स्पिडायटेड रिव्ह्यू, म्हणजे जलद तपासणी, मागता येतो. तसं अर्जात स्पष्ट लिहा. संमतीपत्र मराठीत आणि बोलीच्या जवळचं हवं. 'रक्तद्राव्य' असलं काही लिहाल तर सही मिळेल, संमती नाही. अठराखालच्या मुली असतील तर आईवडिलांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

उरलेला पाऊण गुण गाईडसाठी, कारण सगळी योजना त्याच्यावर उभी आहे. सरकारी कॉलेजात बदली आणि प्रतिनियुक्ती कधीही निघते. नव्या कॉलेजची तपासणी आली की निम्मा विभाग तिकडं. त्यामुळे नावाजलेल्या प्रोफेसरपेक्षा आठवड्याचा एक वार ठरवून देणारे असिस्टंट प्रोफेसर परवडले. विचारताना दोन गोष्टी मागा: आधी मंजूर झालेला एखादा अहवाल बघायला, आणि पीएसएममधल्या (सामुदायिक आरोग्य विभागातल्या) आकडेवारी जाणणाऱ्या कुणाची तरी ओळख. हे दोन्ही मिळालं नाही तर दुसरं दार ठोठावा.

बीएस्सीवाल्यांना एसटीएस मिळत नाही. परभणी-हिंगोलीच्या बायोटेक, मायक्रोच्या मुलांनी तीन विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप बघावी. तीही दोन महिन्यांची, पण घर सोडावं लागतं. नांदेडकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे तिथल्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतले गाईड पसंतीक्रमात वर लिहायला हरकत नाही. फक्त तिचा अर्ज आदल्या हिवाळ्याच्या तोंडावरच भरायचा असतो; शिफारसपत्रासाठी सरांच्या मागे दसऱ्यापासूनच लागा.