बीएमएक्स: गेटवर उभं राहायचं, की गेट पाडायचं?

बारावीच्या आसपासचं पोरगं बीएमएक्सच्या, म्हणजे उंचसखल ट्रॅकवरच्या छोट्या सायकलींच्या शर्यतीच्या, नादाला लागलं की बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घरात दोन तट पडतात. पोराला शर्यत हवी असते, बापाला नोकरी. मग शेजारचा कुणीतरी शहाणा मधे बोलतो, "कोच होऊ दे की ओ त्याला!" जणू कोचची नोकरी शर्यतीतून उरलेल्यांसाठीच राखून ठेवली आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात शर्यतीला वर्षं मोजून द्यावीत, आणि कोच व्हायचं तर नुसत्या बीएमएक्सचा होऊ नये.

शर्यत

हवेत गिरक्या मारतात ते फ्रीस्टाइल. रेसिंगमध्ये गेटवर आठजण असतात, चाकं वीस इंची, ट्रॅक तीनशे ते चारशे मीटरचा, आणि चाळीस सेकंदांच्या आत सगळं संपतं. गिअर बदलायची सोय नाही, ब्रेक फक्त मागचा.

खरी शर्यत मात्र त्याहून लहान असते. पुढचं चाक गेटला टेकलेलं, दोन्ही पाय पेडलवर, सायकल जागच्या जागी तोललेली. स्पीकरमधून "रायडर्स रेडी, वॉच द गेट" ऐकू येतं आणि पुढं काहीच होत नाही. ही थांबण्याची वेळ ०.१ ते २.७ सेकंदांपर्यंत कितीही असू शकते. कुणी अंदाजानं सुटू नये म्हणून ती मुद्दाम बदलती ठेवलेली असते. मग तांबडा, पिवळा, पिवळा, हिरवा, आणि गेट पडतं. पहिल्या वळणावर जो पुढं पोचला त्याला गाठताना बाकीच्यांच्या नाकी नऊ येतात. म्हणजे वर्षानुवर्षांचा सराव पहिल्या तीन-चार सेकंदांसाठी.

या सेकंदांचा सराव आपल्याकडं होऊ शकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सांगितलंत तर लोखंडी गेट वेल्डिंग करून मिळेल. ऑलिंपिकच्या ट्रॅकवरचा आठ मीटर उंचीचा सुरुवातीचा उतार आणि वळणांच्या तिरक्या भिंती मात्र कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळत नाहीत. बांधल्याच, तर खानापूरच्या पावसात पहिल्या जुलैलाच मातीचा चिखल होणार. ट्रॅकवर जायचं म्हणजे दर वेळी सायकल खोलून, पिशवीत भरून, लांबचा प्रवास.

पैशाचं बोलायचं तर कुस्तीकडं बघा. आपल्या पैलवानाला तालीम आहे, वस्ताद आहे, जत्रेच्या मैदानात इनाम आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात कुस्तीसाठी पोरं लहानपणीच घेतात. बीएमएक्सला जत्रा नाही. रेल्वे आणि सैन्यदलाच्या सायकलिंग संघांत वाव आहे तो मुख्यतः रोड आणि ट्रॅक (तिरक्या कडांच्या गोल बांधीव धावपट्टीवरच्या) सायकलिंगला. परदेशात सगळं आलबेल असतं असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१६च्या ऑलिंपिकनंतर महिला बीएमएक्सचा निधी बंद झाला. बेथ श्रीव्हरनं शाळेत शिक्षकांची मदतनीस म्हणून काम केलं, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि टोकियोत सुवर्ण जिंकलं. गोष्ट अभिमानाची आहे, पण घरचा हिशेब तिच्यावर मांडू नका.

आणि पडणं. हासळीचं हाड, मनगट हे नेहमीचं. रिओत सुवर्ण जिंकलेला अमेरिकेचा कॉनर फील्ड्स टोकियोच्या उपांत्य फेरीत पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट असूनही हे घडतं, त्यामुळं घरच्यांची भीती अडाणी नाही.

कोच

कोचचा दिवस पोरांना वाटतो तसा नसतो. अर्धा वेळ हेल्मेटचे पट्टे, सैल चेन आणि उशिरा येणारे पालक यांत जातो. उरलेल्या वेळेत एकच गोष्ट शंभरदा बघायची: गेट पडताना पोराची कंबर आधी मागं जाऊन मग हँडलकडं झेपावते का, की ते नुसतं पेडलवर जोर काढतंय? ज्याला हे बघण्याचा कंटाळा येतो त्यानं कोच होऊ नये, मग घरात कपाटभर पदकं असली तरी.

रस्ता मात्र आखलेला आहे. पदवी, मग बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), किंवा पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम, ज्यात सायकलिंगही आहे. पतियाळाला प्रवेश देताना खेळातली कामगिरी बघतात. म्हणून शर्यतीची प्रमाणपत्रं फायलीत जपून ठेवा, ट्रंकेत उंदरांना घालू नका.

सीमाभागातली खरी गोम पुढं आहे. कर्नाटकात सरकारी क्रीडाशिक्षक व्हायचं तर कन्नड लिहिता-वाचता यायलाच हवं. मराठी माध्यमाच्या पोरानं ते दहावीनंतर सोडून दिलं की पुढं तेच आडवं येतं. यात भावनेचं राजकारण आणू नये, पोटाचा प्रश्न आहे. पलीकडं महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत आणि महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना तिथं अर्जही करता येतो. पण या दोन सवलती आपोआप एकमेकींत बसतील असं धरून चालू नका. तुम्ही कुठल्या राज्याकडून, कुठल्या दर्जाची स्पर्धा खेळलात यावर बरंच अडतं. जाहिरातीतली अट शब्दन् शब्द वाचा.

खाजगीत शिकवायचं तर बेळगाव वाईट नाही. स्केटिंगच्या वर्गाला पोरं घालायची इथल्या पालकांना सवय आहे. पाच ते दहा वर्षांच्या पोरांना तोल, वळण आणि पडायचं कसं हे शिकवणारा सायकलचा वर्ग चालेल. "बीएमएक्स अकादमी" असा फलक लावलात तर चौकशीला येतील, फी भरायला नाही.

मग काय करावं

या दोन्ही वाटांना जोडणारा माणूस मला जेमी स्टाफ वाटतो. तो १९९६ला बीएमएक्सचा जगज्जेता होता. नंतर तो ट्रॅकवर वळला, २००८ला बीजिंगमध्ये ब्रिटनच्या टीम स्प्रिंट संघातून सुवर्ण घेतलं आणि निवृत्त होऊन अमेरिकेच्या स्प्रिंट संघाचा प्रशिक्षक झाला. गेटवर कमावलेली ती पहिली उसळी ट्रॅकवरही चालते. आपल्या शेजारी विजयपूर, जमखंडीकडं रोड आणि ट्रॅकची जुनी परंपरा आहे, रामदुर्ग तालुक्यात चंदरगीची क्रीडा शाळा आहे. बीएमएक्सच्या पोरानं तिकडं तोंड वळवायला कमीपणा मानू नये.

चौदाच्या आतल्या पोराला काही ठरवायला लावू नका, पळू दे सायकल. सतरा-अठरा हा ज्युनिअर गट. तो संपेपर्यंत राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं नाही, तर ट्रॅक स्प्रिंट आणि पदवी एकत्र चालू करा. मुलगी असेल तर मी आणखी दोन वर्षं देईन, कारण तिथं गर्दी कमी आहे. वीस ओलांडून आजवर गेटवर उभंच न राहिलेल्यानं शर्यतीचा विचार सोडावा, पण शिकवण्याआधी निदान एक मोसम गेटवर पडून-उठून घ्यावं.

आणि सायकल घेताना दुकानातली पेग (चाकाच्या आसाला बाहेर काढलेल्या नळ्या) लावलेली, जड स्टीलची बीएमएक्स रेसची म्हणून उचलू नका, ती फ्रीस्टाइलची. रेसची ॲल्युमिनियम फ्रेम शक्यतो जुनीच शोधा. लहान पोराला १७५ मिलिमीटरचा क्रँक (पेडलचा दांडा) "पुढं उपयोगी पडेल" म्हणून बसवू नका. त्याचे पाय तेवढे वाढेपर्यंत सुरुवातीची सवय बिघडलेली असते.