मिल्क फ्रॉदर घेताना आतली खालची रेष बघा

इलेक्ट्रिक फ्रॉदर म्हणजे कॉफीसाठी दुधाचा फेस करणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर ‘३०० मिली’ असं ठसठशीत छापलेलं असतं. झाकण उघडून आत बघा, भांड्याच्या भिंतीवर दोन रेषा दिसतील. वरची रेष नुसतं दूध तापवायची, ३०० चा आकडा तिचा. फेस करायचा तर दूध खालच्या रेषेपर्यंतच घालायचं, आणि ती रेष साधारण १५० मिलीवर, कधी त्याच्याही खाली असते. म्हणजे एका वेळी एक कप. दुकानदार हे आपणहून सांगत नाही आणि ऑनलाइन बघितलं तर ही रेष कुठल्या तरी शेवटच्या फोटोत सापडते. ज्या घरात कॉफी कधी एकट्यासाठी होतच नाही, तिथं वॉट, रंग, डिझाइन सगळं नंतर. आधी ही रेष.

आमचं घर कोथरूडला, माणसं चार. सासूबाईंना जायफळाची कॉफी लागते, नवऱ्याला कडक, मुलीला बंगळुरूला नोकरी करून आल्यापासून कापुचिनो, आणि मला सकाळी कामावर निघायच्या आधी जे गरम मिळेल ते. मुलगी येताना मोका पॉट, म्हणजे गॅसवर कॉफी उतरवायचं भांडं, घेऊन आली. त्यातली कॉफी चांगली दाट उतरते, पण वर फेस हवा म्हणून तिची भुणभुण सुरू झाली. बाहेर एका कापुचिनोचे दोनशेच्या वर जातात, त्यामुळे घरात काहीतरी यंत्र घ्यावं यावर सासूबाईंसकट सगळ्यांचं एकमत झालं. कोणतं घ्यावं यावर अर्थातच नाही. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काम करते, तेव्हा “तूच बघ काय ते” असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे काडी. वर मूठ, खाली तारेचं गोल वेटोळं. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानांत ही ‘कॉफी बीटर’ या नावानं मिळते, दोन पेन्सिल सेलवर चालते आणि तीनशेच्या आतबाहेर येते. हिचं दुखणं एकच. सेल नवे असतात तोवर भिरभिर फिरते, जरा उतरले की दुधात गेल्याबरोबर मान टाकते. बाहेर हवेत मात्र झकास फिरून दाखवते, त्यामुळे दुकानात “बघा ताई, काय स्पीड आहे” ऐकून घेऊ नका. त्याला पेलाभर पाणी मागा आणि पाण्यात फिरवायला सांगा. कुरकुर करतो, पण देतो. माझ्याकडे आता चार्जिंगवाली आहे, मोबाइलच्याच वायरवर चार्ज होणारी, हजाराच्या आतली. दोन-तीन वेग आहेत, मधला पुरतो. सर्वात वरच्या वेगावर ओटा, माझं पोलकं आणि शेजारची मिक्सरची खोळ या सगळ्यांना दूध मिळतं.

काडीनं फेस येत नाही अशी तक्रार करणाऱ्या बायका मला बऱ्याच भेटल्या आहेत. प्रत्येकीला मी आधी दुधाबद्दल विचारते.

दुधाचा फेस उभा राहतो तो प्रथिनांवर. हवा आत शिरली की प्रत्येक बुडबुड्याभोवती प्रथिनांचं पातळ कवच बसतं. स्निग्धांश या कवचाच्या मुळावर उठतो, आणि सगळ्यात जास्त उठतो दूध कोमट असताना, कारण तेव्हा त्याचे कण धड घट्ट नसतात आणि धड वितळलेले नसतात. फ्रीजमधलं ४-५ अंशांचं दूध चालतं, ६० अंशांचं चालतं. मधलं ३० अंशांचं दगा देतं. आपल्याकडे सकाळी तापवून ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध नेमकं याच तापमानाचं असतं. वर साय धरलेली असते ती वेगळीच. ती काडीच्या वेटोळ्यात गुंडाळून बसते. तेव्हा दूध गाळून घ्यायचं आणि कडेला बारीक बुडबुडे येऊन वाफ दिसू लागली की गॅस बंद करायचा. उकळू द्यायचं नाही. हे सासूबाईंना पटायला वेळ लागला, कारण दूध वर आल्याशिवाय तापलं असं त्या मानतच नाहीत. पाश्चराइज्ड पिशवीतलं दूध कंपनीतच तापवून आलेलं असतं, असं मी सांगून पाहिलं. “असेल,” म्हणाल्या. ६० ते ६५ अंशांना दुधाची गोडी चांगली लागते, ७० च्या पुढे उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेसही कोरडा होतो. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. लॅबमधला घरी आणायचा नाही, हे माझ्या पेशातल्यांसाठी सांगते.

दूध कुठलं, हा पुण्यात पेठांइतकाच नाजूक विषय. आमच्याकडे चितळेंचं म्हशीचं येतं आणि घरातलं तूप त्याच्या सायीवर चालतं, ते बदलण्याचा प्रश्नच नव्हता. पण फेसासाठी मी अर्ध्या लिटरची वेगळी पिशवी आणते, गाईच्या किंवा टोन्ड दुधाची. पिशवीवर आकडे असतात: फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३. कमी स्निग्धांशाचा फेस जास्त फुगतो आणि हलका असतो. फुल क्रीमचा कमी फुगतो, पण जिभेवर मखमली लागतो. मुलीला पहिला आवडतो, मला दुसरा. “इतकं पातळ दूध घरात आणायचं?” हा सासूबाईंचा शेरा अजून चालू आहे. बदामाच्या दुधाचा फेस क्षणात बसतो, सोयाचा बरा टिकतो. ओट्सचं घेणार असाल तर ‘बरिस्ता’ लिहिलेलं बघा, त्यात फेसासाठी तेल वगैरे मिसळलेलं असतं. त्याची किंमत बघून मी ते परत फळीवर ठेवलं.

काडी वापरायची रीत अशी. पसरट पातेलं नको, उंच स्टीलचा पेला किंवा मग घ्या आणि अर्ध्यापेक्षा कमी भरा. काडी आधी दुधात बुडवा, मग बटण दाबा. उलट केलंत तर काय होतं ते वर आलंच आहे. पेला थोडा कलता धरायचा, वेटोळं पृष्ठभागाच्या जरासं खाली ठेवून हवा आत घ्यायची, फेस वर चढला की काडी खाली नेऊन फिरवत राहायची, म्हणजे मोठे बुडबुडे बारीक होतात. शेवटी पेला ओट्यावर दोनदा ठोकून गोल हलवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नंतर पेलाभर पाण्यात फिरवली की काडी धुऊन झाली.

आता इलेक्ट्रिक. हा भाग मला मनापासून आवडला, कारण आमच्या लॅबमधल्या मॅग्नेटिक स्टररचंच हे स्वयंपाकघरातलं भावंड आहे. तळाखाली मोटरवर लोहचुंबक फिरतो, भांड्यातल्या छोट्या व्हिस्कमध्ये, म्हणजे दूध घुसळणाऱ्या सुट्या भागात, दुसरा चुंबक असतो, तो त्याच्या मागे फिरतो. मध्ये ना दांडा, ना भोक, ना गळती. तळ तापतो तो वेगळा, आणि दूध ६०-६५ अंशांना आलं की यंत्र आपोआप बंद होतं. दूध फ्रीजमधून काढलेलं गारच घालायचं, म्हणजे तापत असतानाच हवा शिरते. फेस काडीपेक्षा बारीक आणि एकसारखा येतो, यात वादच नाही. बहुतेकांत दोन व्हिस्क येतात. जिच्याभोवती स्प्रिंग ती फेसाची, साधी ती नुसतं तापवायची. स्प्रिंग काढून साध्या व्हिस्कवर फेसाची वाट बघत बसणारे आमच्या सोसायटीत दोघं आहेत. वीज नगण्य लागते. ५०० वॉटचं यंत्र दोन मिनिटं चाललं, तर साठ कपांना एक युनिट.

पण. दुरुस्तीसाठी लाइट गुरुवारी जाते, आणि नेमकी कॉफीच्या वेळेला जाते. हे एक. दुसरं, भांडं आतून नॉनस्टिक असतं आणि बरीचशी मॉडेलं अशी की मोटर भांड्याच्याच बुडाला असते, त्यामुळे ते नळाखाली धरून धुता येत नाही. आतून ओलं फडकं फिरवायचं, बाहेरून पुसायचं. घासायच्या भांड्यांत गेलं तर संपलं. आमच्या मावशी हाताला आलेलं प्रत्येक भांडं तारेच्या घासणीनं लखलखीत करतात, म्हणून ते मी ओट्यावर उभं राहूच देत नाही, कॉफी झाली की लगेच स्वतः पुसून ठेवते. लगेचच, कारण तळाशी दुधाचा थर वाळला की पुढच्या वेळी तो करपतो आणि त्याचा वास कॉफीला लागतो. दूध घालतानाच साखर टाकली तरी तळ असाच धरतो. साखर कपात घाला. व्हिस्क लिंबाएवढीसुद्धा नसते, खरकट्याबरोबर डब्यात जायला तिला वेळ लागत नाही. आमची फ्रीजच्या दाराला चिकटून असते, चुंबकाचा तेवढा फायदा.

भांडं बैठकीवरून सुटं निघणारी मॉडेलंही मिळतात. ती महाग असतात, पण धुण्याचा निम्मा जाच वाचतो. इलेक्ट्रिकच घ्यायचं ठरलं असेल तर माझ्या मते जास्तीचे पैसे इथंच घालावेत, चार-चार फेसाच्या प्रोग्रॅमवर नाही. ते चार प्रोग्रॅम आमच्याकडे कुणीच वापरत नाही.

तपकीर गल्लीत मी दोन-तीन दुकानांत फिरले. विचारायचा प्रश्न माझ्याकडे एकच होता: व्हिस्क हरवली तर सुटी मिळेल का?

“नाही मिळत मॅडम. नवीनच घ्यायचं. आणि हरवायची कशाला?”

इतका सरळ हिशेब पुण्यातच ऐकायला मिळतो. ऑनलाइन काही कंपन्या सुटी व्हिस्क विकतात. ज्या विकतात त्यांचंच मॉडेल घ्यावं, असं ठरवून मी निवड केली आणि साधारण तीन हजारांना ते पडलं. नाव लिहीत नाही, कारण हुबेहूब तेच भांडं तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेलं मी बघितलं आहे. व्हिस्कचा आकार फोटोत नीट बघून घ्या.

तिसरा प्रकार काचेच्या किंवा स्टीलच्या दट्ट्याचा. फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीच्या दट्ट्यानं कॉफी गाळायचं भांडं, घरात असेल तर वेगळं काही घ्यायला नको. ६० अंशांचं दूध एक तृतीयांश भरून जाळीचा दट्ट्या भरभर वर-खाली करायचा. फेस सुरेख येतो, खोटं कशाला बोलू, काडीपेक्षा सरस येतो. पण जाळीच्या चकत्या सुट्या करून धुवाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबूस वास. सुट्टीच्या दिवशी ठीक आहे.

वाफेच्या नळीचं एस्प्रेसो मशीन मुलीच्या मैत्रिणीकडे बाणेरला पाहिलं. कॅफेसारखा चकचकीत, ओतता येणारा फेस त्याच्यातूनच सगळ्यात चांगला येतो, कपावर पान-फुलं काढायची असतील तर तेच सोयीचं. त्याला जास्त पैसे, ओट्यावर कायमची जागा आणि हात बसेपर्यंत भरपूर दूध लागतं. आमच्या ओट्यावर मिक्सर आणि वॉटर फिल्टरनंतर ताटाएवढीच जागा उरते.

सासूबाईंनी मध्येच रवी काढली होती, तेही सांगते. गरम दुधात घुसळली, बुडबुडे मोठमोठे आले आणि कप हातात येईपर्यंत निम्मे फुटले. चव उत्तम होती. ताकाला रवी, कॉफीला काडी अशी वाटणी त्यांनीच करून टाकली. काडीनं दही घुसळायला जाऊ नका, बारीक दांडा वाकतो. हळदीचं दूध, कोको, आदल्या दिवशीचं पातळ सार एकजीव करायला ती छान चालते.

आमच्याकडे आता असं चालतं. मुलगी एकटी सकाळी इलेक्ट्रिकवर कापुचिनो करून घेते, ते तिचंच झालं आहे. संध्याकाळी चौघांची किंवा पाहुण्यांची कॉफी असेल तर काडी, कारण एक कप होऊन यंत्र निवून दुसरा होईपर्यंत पहिल्याची कॉफी गार, आणि आपल्याकडे पाहुण्याला एकट्याला कप देऊन बाकीचे बघत बसत नाहीत. उंच पातेलीत चार कप दूध तापवलं, दोन खेपांत काडी फिरवली की सगळ्यांचे कप एकदम भरतात. जायफळ दुधात उकळण्याऐवजी फेसावर किसलं तर वास सरळ नाकात जातो, ही सासूबाईंची सुधारणा. एकटे किंवा दोघंच राहत असाल आणि रोज सकाळी एकच प्रकार पीत असाल, तर बेलाशक इलेक्ट्रिक घ्या. चौघांच्या वर माणसं असतील तर तीन हजार खर्चू नका, चार्जिंगची बरी काडी आणि थर्मामीटर मिळून निम्म्यात काम होईल.

इलेक्ट्रिक घेतलंत तर दुकानातच भांड्यात पाणी घालून चालवून बघा, प्लग तीन पिनांचा आहे का ते पाहा आणि वॉरंटी कार्डावर तारखेसकट शिक्का मारून घ्या. वर्षाची वॉरंटी बहुतेक ठिकाणी असते. व्हिस्क आणि आतला नॉनस्टिक थर त्यात येतात का, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा बरोबर न्या.