जळालेल्याची पट्टी बदलताना गोळी बरी का भुलीचं इंजेक्शन?

माझ्या भाचीच्या मांडीवर आंघोळीचं उकळतं पाणी सांडलं, तालुक्याच्या एका दवाखान्यात चिकटलेली पट्टी कोरडीच ओढली आणि पोट्टी अशी किंचाळली का बाहेर बसलेले लोक उठून उभे झाले. गोळी दिली होती, पण पट्टी सोडायच्या पाच मिनिटं आधी! तुमच्या घरी असा पेशंट असन आणि भूल घ्यायची का नाही हे ठरत नसन तर वाचा.

जखम लहान असली तर पॅरासिटामॉल आणि लागलीच तर डॉक्टरनं लिहिलेली जोरकस गोळी, यात बहुतेकदा भागते, पण ती पट्टीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेली पाहिजे आणि पट्टी सलाईननं चांगली भिजवूनच सोडायला लावा. उपाशी ठेवा लागत नाही, हे मोठं.

जखम मोठी आहे, मेलेली कातडी काढायची आहे, तिथं गोळी पुरत नाही, तिथं केटामाइन, म्हणजे भुलीचं इंजेक्शन. शिरेतून दिलं का मिनिटभरात दुखणं कळत नाही, डोळे उघडे दिसले तरी, असर 10-20 मिनिटं, आणि श्वास सहसा चालू राहते. उठताना बडबड, लाळ, उलटी होऊ शकते, घरचे घाबरतात, पण तास-दोन तासात माणूस ताळ्यावर येते. मात्र बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप, सिलेंडर आणि श्वास सांभाळणारा माणूस नसन तर सरळ नाही म्हणा बाप्पा.

या भुलीची खरी किंमत उपाशी राहण्यात आहे, जेवण 6 तास बंद, साधं पाणी 2 तास. जळालेल्या अंगाला नेहमीपेक्षा जास्त खाणं लागते, अंडी, डाळ, दूध, त्याशिवाय जखम भरत नाही, आणि इथं भाचीचा नंबर दुपारी दोनला लागे, पोरगी सकाळपासून कोरडी आणि संध्याकाळी दोन घास खाऊन झोपे. म्हणून भूल घ्यायची तर सकाळचा पहिला नंबर मागा, आणि पट्टी रोज बदलायचीच आहे का हेही विचारा.

कातडी लावायची असन तर पूर्ण भूल, तीही नागपूर नाहीतर सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या मोठ्या दवाखान्यात.

माझं मत, सुरुवातीच्या दोन-तीन मोठ्या पट्ट्या भुलीत करा, मग गोळीवर या. भाचीची पट्टी आता दहाला असते, ताई सव्वानऊचा अलार्म लावते, आधी पोहे, मग गोळी.